अधिछात्रवृत्ती कोणासाठी? मराठीच्या अध्यापनाचा एक प्रश्न

१

महाविद्यालयीन अध्यापकाला काही काळ दैनंदिन कामातून मोकळीक द्यावी, त्या काळात त्याने अभ्यास करावा आणि त्या अभ्यासाचा लाभ त्याच्या विद्यार्थ्यांना व्हावा, या कल्पनेविषयी दुमत असण्याचे कारण नाही. मतभेद सुरू होतो तो पुढच्या प्रश्नापाशी. या मोकळिकीचे फलित कोठे मोजायचे? ग्रंथालयात ठेवलेल्या शोधप्रबंधात, अध्यापकाच्या वेतनश्रेणीत, की वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याच्या वहीत? गेल्या अर्धशतकात आपल्याकडे अध्यापकांसाठी ज्या योजना आल्या, त्यांनी पहिल्या दोन ठिकाणी मोजमाप केले आणि तिसरे गृहीत धरले. अध्यापक विद्वान झाला की अध्यापन आपोआप सुधारते, हे ते गृहीतक होय. प्रस्तुत लेखाचा रोख या गृहीतकावर आहे. अध्यापकाला दिलेली अधिछात्रवृत्ती अध्यापन निश्चितपणे सुधारू शकते. परंतु अध्यापन हाच तिचा विषय असेल आणि वर्ग हेच तिचे अंतिम स्थान असेल, तरच ती ते करते, असे येथे मांडावयाचे आहे.

हा विचार विद्यापीठीय विभागाच्या नियतकालिकात मांडत असलो, तरी तो डोणगावसारख्या गावाकडून पाहून मांडलेला आहे. मेहकर तालुक्यातील हे गाव मेहकर–मालेगाव रस्त्यावर आहे. सोयाबीन, तूर, कापूस पिकवणाऱ्या परिसरातील मुलेमुली येथून पदवीच्या वर्गात येतात. त्यांपैकी पुष्कळांच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली ही पहिलीच पिढी आहे. मराठी वाङ्मय हा विषय त्यांपैकी काहीजण आवडीने घेतात, तर काहीजण तो सोपा असतो या समजुतीने. विद्यापीठातील संशोधनाची चर्चा अखेर ज्यांच्यापर्यंत पोहोचावी अशी अपेक्षा असते, ते हे विद्यार्थी होत. अधिछात्रवृत्तीचा हिशेब त्यांच्या बाजूने केल्यास काय दिसते, हे पाहणे म्हणूनच उचित ठरेल.

२

अधिछात्रवृत्ती ही पाश्चात्त्य विद्यापीठांतून अलीकडे उसनी घेतलेली कल्पना आहे असा एक समज आढळतो. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर तिला दीड शतकाहून अधिक काळाचा इतिहास आहे आणि तो आपल्या प्रश्नावर प्रकाश टाकणारा आहे.

सेनापती खंडेराव दाभाडे यांनी श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा देण्याची प्रथा सुरू केली व ती पेशव्यांनी पुढे चालवली, हे सर्वश्रुत आहे. १८१८ नंतर इंग्रजी राजवटीने ही प्रथा एकदम बंद न करता हळूहळू तिचे रूप पालटले. १८२१ मध्ये पुण्यास विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, तिच्यासाठी या निधीचा आधार घेण्यात आला. १८४९च्या सुमारास लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख प्रभृती सुधारकांनी या निधीचा काही भाग मराठी ग्रंथनिर्मितीस उत्तेजन देण्याकडे वळवावा अशी मागणी केली आणि १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाल्यानंतर याच निधीतून ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले. न्यायमूर्ती म. गो. रानडे, रा. गो. भांडारकर, का. त्र्यं. तेलंग, गो. ग. आगरकर ही सर्व मंडळी आपापल्या उमेदीच्या काळात दक्षिणा फेलो होती.

या व्यवस्थेतील लक्षणीय गोष्ट अशी की फेलोने पुढचा अभ्यास करावयाचा आणि त्याबरोबर महाविद्यालयात काही अध्यापनही करावयाचे. अध्ययन आणि अध्यापन या दोन गोष्टी तेथे एकाच माणसात, एकाच काळात आणि एकाच वास्तूत नांदत होत्या. दान म्हणून सुरू झालेल्या दक्षिणेला या टप्प्यावर प्रथमच एक परतफेड जोडली गेली आणि ती परतफेड वर्गात करावयाची होती.

भांडारकरांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. दक्षिणा फेलो असताना त्यांनी शास्त्रीमंडळींकडून संस्कृतचे सखोल अध्ययन केले. पुढे त्यांची कीर्ती प्राच्यविद्यापंडित म्हणून जगभर झाली. परंतु १८६०च्या दशकात त्यांनी जी दोन पुस्तके सिद्ध केली, ती ‘मार्गोपदेशिका’ आणि ‘संस्कृत मंदिरान्तःप्रवेशिका’ ही नवशिक्या विद्यार्थ्यांसाठी होती. परंपरेने बारा वर्षे घोकावे असे मानलेले व्याकरण शाळेतल्या मुलाला पायरीपायरीने कसे चढता येईल, याचा विचार त्या पुस्तकांत आहे. महाराष्ट्रातील कित्येक पिढ्या त्या पायऱ्यांनी संस्कृतात शिरल्या. अध्यापकाच्या सखोल अभ्यासाचे फळ असे असू शकते. जे आपल्याला कष्टाने उमगले, ते दुसऱ्याला कमी कष्टाने पण तितक्याच सच्चेपणाने उमगावे यासाठी त्याची नवी मांडणी करणे, हे विद्वत्तेचेच काम आहे; ते विद्वत्तेच्या खालच्या दर्जाचे काम नव्हे.

अर्थात दक्षिणा फेलोशिपचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. ती मोजक्या तरुणांना मिळाली, ती पुणे–मुंबईपुरती राहिली आणि तिचा लाभ ज्या सामाजिक वर्तुळाला झाला ते फार लहान होते. वऱ्हाडातील एखाद्या खेड्यातल्या मुलाला तिचा स्पर्श होण्याचा प्रश्नच नव्हता. तिचे वर्तुळ विसरायला हरकत नाही, परंतु तिचे तत्त्व विसरून चालणार नाही.

३

स्वातंत्र्योत्तर काळात कोठारी आयोगाने (१९६४–६६) उच्च शिक्षणातील अध्यापकांच्या तयारीचा प्रश्न ठळकपणे पुढे आणला. १९७०च्या दशकात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अध्यापक-विकास कार्यक्रमाखाली महाविद्यालयीन अध्यापकांना एम. फिल. व पीएच. डी.साठी अध्यापक-अधिछात्रवृत्ती मिळू लागली. अध्यापकाचे वेतन चालू राहावे, त्याला निर्वाहभत्ता व आकस्मिक खर्चासाठी रक्कम मिळावी आणि त्याच्या जागी बदली अध्यापकाची नेमणूक व्हावी, असे या योजनेचे स्थूल स्वरूप होते. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर १९८७ पासून अॅकॅडेमिक स्टाफ कॉलेजे निघाली. तेथील उद्बोधन व उजळणी वर्ग पदोन्नतीशी जोडले गेले. या संस्थांना २०१५ मध्ये मानव संसाधन विकास केंद्र आणि २०२३ मध्ये मालवीय मिशन अध्यापक प्रशिक्षण केंद्र अशी नवी नावे मिळाली.

या योजनांचे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. नागपूर विद्यापीठातून १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ वेगळे झाले. तोपर्यंत आणि त्यानंतरही बुलढाणा, अकोला, यवतमाळ या जिल्ह्यांतील तालुक्यांच्या ठिकाणी जी महाविद्यालये उभी राहिली, त्यांतील मराठीच्या अध्यापकांपैकी अनेकांना चांगले ग्रंथालय, हस्तलिखितांचा संग्रह आणि समव्यवसायी मंडळींचा सहवास प्रथम मिळाला तो अशा अधिछात्रवृत्तीच्या काळातच. खेड्यातून आलेल्या, स्वतःच्या घरातील पहिल्या पदवीधर असलेल्या अध्यापकाला पगार बुडण्याची चिंता न करता वाचायला मिळणे ही सामान्य गोष्ट नव्हती. विदर्भातील बोली, लोकसाहित्य, दलित साहित्य, ग्रामीण कादंबरी या विषयांवर जे संशोधन झाले, त्यातला बराच भाग या मोकळिकीशिवाय झालाच नसता.

परंतु या योजनेच्या रचनेतच एक तिढा होता. अध्यापकाला वर्गापासून दूर नेऊन ती त्याचा विकास करू पाहत होती. त्याने परत आल्यावर वर्गात काय करावे, याविषयी ती मौन बाळगून होती. परत रुजू होऊन अमुक वर्षे सेवा करण्याचे बंधपत्र लिहून घेतले जाई, पण ती सेवा कशी असावी यावर त्यात एक ओळही नसे. प्रबंध सादर झाला की योजनेच्या दृष्टीने सर्व काही पूर्ण होई. लीळाचरित्रावर प्रबंध लिहून परतलेला अध्यापक दुसऱ्या दिवसापासून पूर्वीच्याच टिपणांवरून बी. ए.च्या वर्गाला लीळाचरित्र शिकवू लागला, तरी त्यात कोणालाच काही वावगे वाटत नसे. प्रबंध आणि टिपण या दोन वह्या एकाच माणसाच्या कपाटात शेजारी शेजारी राहिल्या. त्यांची एकमेकींशी ओळख झाली नाही.

पुढे २०१०च्या विनियमांनी गुणांकनाची पद्धती आणली आणि हा तिढा अधिक घट्ट झाला. शोधनिबंध, चर्चासत्रे, प्रकल्प यांना गुण मोजता येतात. वर्गात एखादी कविता तीन वेगवेगळ्या वाटांनी उलगडून दाखवण्याला गुण देणे कठीण. जे मोजता येते ते वाढले. २०१८च्या विनियमांनी या आकडेमोडीला काहीशी मुरड घातली, २०२२च्या विनियमांनी एम. फिल. ही पदवीच संपुष्टात आणली. तथापि, अध्यापन हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, हे मूळ सूत्र आपल्या व्यवस्थेत अद्याप रुजलेले नाही. अन्यत्र या दिशेने विचार झाला आहे. अमेरिकेत अर्नेस्ट बॉयर यांनी १९९० मध्ये विद्वत्तेची व्याख्या रुंदावून नवशोध, समन्वय आणि उपयोजन यांच्या जोडीला अध्यापनालाही विद्वत्तेचे एक अंग मानले. इंग्लंडमध्ये २००० पासून उत्तम अध्यापनासाठीच राष्ट्रीय स्तरावर अधिछात्र निवडले जाऊ लागले. आपल्याला हे नवे वाटत असेल, तर दक्षिणा फेलोंचे स्मरण करावे.

४

येथे एक आक्षेप संभवतो. मोठे अध्यापक अधिछात्रवृत्तीने घडत नाहीत. ते स्वयंभू असतात, असे म्हटले जाते आणि त्यासाठी बहुधा डॉ. वि. भि. कोलते यांचे नाव घेतले जाते. याच बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर तालुक्यात, नरवेल या खेड्यात १९०८ मध्ये जन्मलेल्या कोलते यांनी अध्यापन करीत महानुभाव वाङ्मयाचे प्रचंड संशोधन केले, १९६६ ते १९७२ या काळात नागपूर विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविले आणि १९७८ मध्ये लीळाचरित्राची संपादित आवृत्ती सिद्ध केली. त्यांना कोणती अधिछात्रवृत्ती मिळाली होती, असा प्रश्न विचारला जातो.

या आक्षेपाचे उत्तर असे की असाधारण माणसाच्या उदाहरणावरून व्यवस्था बेतता येत नाही. शिवाय कोलते यांनाही एकट्याने काही करता आले नाही. महानुभावांच्या मठांतील पोथ्या, त्या सांकेतिक लिपींत लिहिलेल्या असताना त्यांच्या वाचनाची परंपरा आणि महंतांचे साहाय्य यांवाचून ते संशोधन उभे राहिले नसते. अनोळखी संहितेसमोर बसणे, जाणत्याकडून शिकणे आणि त्यासाठी वेळ काढणे, या तिन्ही गोष्टी त्यांनी स्वतःच्या जिद्दीने मिळवल्या. अधिछात्रवृत्तीने कोलते निर्माण होतील असे कोणीच म्हणत नाही. कोलत्यांएवढी जिद्द नसलेल्या, पण प्रामाणिक असलेल्या सामान्य अध्यापकाला त्या तीन गोष्टींचा काही अंश मिळावा, एवढेच तिचे प्रयोजन आहे. महाविद्यालये चालतात ती अशाच अध्यापकांवर.

या तिन्हींपैकी ‘अनोळखी संहितेसमोर बसणे’ ही गोष्ट अध्यापनाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची वाटते. दहा-पंधरा वर्षे तोच पाठ शिकवणाऱ्या अध्यापकाला तो पाठ अवघड का वाटतो, हेच कळेनासे होते. विद्यार्थ्याची अडचण त्याला आळस वाटू लागते. अशा अध्यापकाला जेव्हा स्वतःला न कळणारे काही वाचावे लागते, शब्दाशब्दाला अडावे लागते, दुसऱ्याला विचारावे लागते, तेव्हा तो पुन्हा विद्यार्थी होतो. अधिछात्रवृत्तीने अध्यापकाला ज्ञान मिळते हे खरेच; त्याहून महत्त्वाचे म्हणजे अज्ञानाची आठवण मिळते. वर्गात या आठवणीचा उपयोग पदवीहून अधिक होतो.

५

हे सारे अमूर्त राहू नये म्हणून डोणगाव परिसरातील वर्गाचेच उदाहरण घेऊ.

म्हाइंभटांच्या लीळाचरित्रातील काही लीळा पदवीच्या अभ्यासक्रमात कोठे ना कोठे असतातच. या लीळा शिकवण्याची रूढ रीत परिचित आहे. प्रथम महानुभाव पंथाची माहिती, नंतर मराठीतील आद्य गद्य चरित्रग्रंथ म्हणून महत्त्व, मग लीळेचा आजच्या मराठीत सारांश आणि शेवटी ‘लीळाचरित्राची भाषाशैली’ या प्रश्नाचे सहा मुद्दे. हे सहा मुद्दे मार्गदर्शिकेत छापलेले असतात. विद्यार्थी ते पाठ करतो, उत्तीर्ण होतो. मूळ लीळा त्याने वाचलेली नसते, वाचावी लागलेलीही नसते.

आता हाच पाठ वेगळ्या रीतीने शिकवता येईल. चक्रधरस्वामींच्या भ्रमंतीत मेहकर येते, लोणार येते. मेघंकर हे मेहकरचे जुने नाव. डोणगावच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने मेहकर म्हणजे बाजाराचे, तहसीलचे, बसच्या बदलीचे गाव. लोणार म्हणजे सरोवराची सहल. मराठीतील पहिल्या गद्य ग्रंथात आपल्या तालुक्याची वाट आहे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. ‘स्थानपोथी’ हा ग्रंथ तर चक्रधरस्वामींच्या वास्तव्याने पुनीत मानलेल्या स्थानांची, तेथील देवळांची, त्यांच्या दिशांची नोंद आहे. हा मजकूर हातात देऊन वर्गाला मेहकरला नेले आणि ग्रंथातली दिशा व प्रत्यक्षातली वास्तू ताडून पाहायला सांगितले, तर तेराव्या शतकातील भाषा हे परीक्षेचे संकट राहत नाही. ते एक शोधण्याजोगे प्रकरण होते. कोणती खूण जुळते, कोणती जुळत नाही, न जुळण्याचे कारण लेखनिकाची चूक असेल की सातशे वर्षांची पडझड, हे प्रश्न विद्यार्थी स्वतः विचारू लागतो. संशोधनाची पहिली पायरी हीच नव्हे काय?

दुसरे उदाहरण बोलीचे. वऱ्हाडीत डोळ्याचा ‘डोया’ होतो, पाण्याचे ‘पानी’ होते. अशी भाषा बोलणारा विद्यार्थी महाविद्यालयात आला की प्रथम मुका होतो. शाळेत त्याला हे उच्चार अशुद्ध असल्याचे सांगितलेले असते. ज्या अध्यापकाने भाषाविज्ञान परीक्षेपुरते वाचले आहे, तोही ‘प्रमाणभाषा व बोली’ हा घटक शिकवतो आणि त्याच तासाला मुलाचा उच्चार दुरुस्त करतो. परंतु ज्याला काही महिने बोलीची प्रत्यक्ष सामग्री घेऊन बसण्याची संधी मिळाली आहे, तो फळ्यावर दोन रकाने आखतो. एका रकान्यात ‘काळा, डोळा, फळ’ हे शब्द; दुसऱ्या रकान्यात विद्यार्थ्यांनी सांगितलेले घरचे उच्चार. हा बदल मन मानेल तसा होत नाही, तो नियमाने होतो, हे वर्गाच्याच तोंडून बाहेर येते. आपली भाषा बिघडलेली नसून नियमबद्ध आहे, हे ज्या दिवशी त्या मुलीला किंवा मुलाला कळते, त्या दिवशी त्या वर्गात भाषाविज्ञान शिकवून झालेले असते. त्यानंतर उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) किंवा पुरुषोत्तम बोरकर यांची ‘मेड इन इंडिया’ (१९८७) हाती दिली, तर ती परक्याचे पुस्तक म्हणून वाचली जात नाही.

या दोन्ही पाठांसाठी अध्यापकाला काय लागते? स्थानपोथीची नीट पाहिलेली संहिता, एक नकाशा, बोलीच्या नोंदी, स्वाध्यायांचा आराखडा आणि हे सारे उभे करण्यासाठी एक सत्र मोकळे. बुद्धी कमी असते असे नव्हे. वेळ, संहिता आणि सोबत कमी असते. अधिछात्रवृत्तीने पुरवायच्या त्या याच तीन गोष्टी.

६

तथापि, या चित्राची एक काळी बाजू आहे आणि तिच्याविषयी न बोलता अधिछात्रवृत्तीचा पुरस्कार करणे अप्रामाणिकपणाचे होईल. अध्यापक अधिछात्रवृत्तीवर गेल्यावर त्याच्या वर्गाचे काय होते?

योजनेत बदली अध्यापकाची तरतूद होती, हे वर आलेच आहे. ग्रामीण महाविद्यालयात या तरतुदीचा प्रत्यक्ष अर्थ पुष्कळदा असा झाला की सत्र सुरू होऊन दोन महिने उलटल्यावर कोणीतरी नेमले गेले, किंवा विभागात उरलेल्या एकट्या सहकाऱ्यावर सगळे तास पडले. ज्या महाविद्यालयात मराठीचे दोनच अध्यापक आहेत, तेथे एकाचा विकास म्हणजे दुसऱ्याची दमछाक आणि विद्यार्थ्यांचे नुकसान. मोठ्या शहरातील आठ-दहा अध्यापकांच्या विभागासाठी आखलेली योजना लहान गावात जशीच्या तशी नेली की तिचा भार सर्वांत दुबळ्या खांद्यावर पडतो.

आज हा प्रश्न अधिकच बिकट झाला आहे. महाराष्ट्रातील अनुदानित महाविद्यालयांत नियमित पदे मोठ्या प्रमाणावर रिक्त राहिली आणि तासिका तत्त्वावरील अध्यापकांवर अध्यापनाचा फार मोठा भार आला. हे अध्यापक पात्र आहेत, त्यांपैकी अनेकजण नेट-सेट उत्तीर्ण आहेत, पीएच. डी.धारक आहेत, परंतु त्यांना तासाप्रमाणे मोबदला मिळतो, सुट्टीच्या महिन्यांत काहीच मिळत नाही आणि पुढच्या वर्षी आपण या वर्गात असू की नाही याची त्यांना खात्री नसते. अध्यापक-अधिछात्रवृत्तीच्या योजना नियमित अध्यापकांसाठी होत्या. म्हणजे विद्यार्थ्यासमोर जो प्रत्यक्ष उभा आहे, त्याच्यासाठी त्या नव्हत्याच.

सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ (२००२) ही कादंबरी २००४च्या साहित्य अकादमी पुरस्काराची मानकरी आहे. तिचे लेखक याच जिल्ह्यातले. उच्च शिक्षण घेऊनही नोकरी न मिळालेला शेतकऱ्याचा मुलगा एकनाथ हा तिचा नायक. ही कादंबरी आज एखाद्या वर्गात तासिका तत्त्वावरील अध्यापक शिकवत असेल, तर एकनाथाची कथा तो कोणाची म्हणून शिकवत असेल? समोरच्या बाकावर बसलेला मुलगा ती कोणाची म्हणून ऐकत असेल? अध्यापनाच्या गुणवत्तेची चर्चा करताना या प्रश्नाकडे पाठ फिरवता येत नाही. ज्याची स्वतःची जागा अस्थिर आहे त्याच्याकडून वर्षानुवर्षे जोपासाव्या लागणाऱ्या अध्यापनाची अपेक्षा करणे हा अन्याय आहे. आणि त्याला अधिछात्रवृत्तीच्या कक्षेबाहेर ठेवणे हा दुसरा.

येथे कोणी म्हणेल की आधी पदे भरा, मग अधिछात्रवृत्तीच्या गोष्टी बोला. पदे भरली पाहिजेत यात शंका नाही आणि कोणतीही अधिछात्रवृत्ती रिक्त पदाला पर्याय होऊ शकत नाही. परंतु या दोन मागण्या एकमेकींच्या आड येत नाहीत. नियमित नेमणुका झाल्या तरी नव्याने नेमलेला अध्यापक जुन्याच टिपणांवरून शिकवणार असेल, तर प्रश्नाचा अर्धाच भाग सुटला असे म्हणावे लागेल.

७

मग अध्यापनासाठीच्या अधिछात्रवृत्तीचे स्वरूप कसे असावे? काही सूचना विचारार्थ मांडतो.

एक, तिची मुदत एका सत्राची असावी आणि तिचे फलित म्हणजे प्रबंध नसून एक अभ्यासपत्रिका असावी. अधिछात्राने अभ्यासक्रमातील एक अभ्यासपत्रिका निवडावी, तिच्या संहिता मुळातून वाचाव्यात आणि टिपांसह पाठ, स्वाध्याय, प्रश्नांचे नवे नमुने, क्षेत्रभेटीचा आराखडा असे साहित्य सिद्ध करावे. हे साहित्य विद्यापीठाच्या मराठी विभागाने तपासून सर्व संलग्न महाविद्यालयांना उपलब्ध करून द्यावे.

दोन, अधिछात्राने परत आल्यावर किमान दोन वर्षे ती अभ्यासपत्रिका शिकवावी आणि शेजारच्या महाविद्यालयांतील सहकाऱ्यांनी त्याच्या काही तासांना बसावे. आपला वर्ग दुसऱ्याला खुला करण्याची सवय आपल्याकडे नाही. शोधनिबंधावर चर्चा होते, तासावर होत नाही. ती होऊ लागली पाहिजे.

तीन, बदली अध्यापकाची नेमणूक आणि त्याचे पूर्ण वेतन यांची हमी मिळाल्याशिवाय अधिछात्रवृत्ती सुरू होऊ नये. ही बदली शक्यतो परिसरातील तासिका तत्त्वावरील पात्र अध्यापकाला मिळावी. पुढच्या फेरीत तोही अधिछात्रवृत्तीस पात्र असावा. नियमित आणि तात्पुरता ही भिंत अध्यापनाच्या बाबतीत तरी मानू नये.

चार, फलिताची परीक्षा विद्यार्थ्यांच्या कामावरून व्हावी. सत्राच्या आरंभी आणि अखेरीस एक अपरिचित उतारा किंवा कविता देऊन त्यावर स्वतंत्रपणे लिहायला लावले, तर मार्गदर्शिका पाठ करणारा वर्ग आणि वाचायला शिकलेला वर्ग यांतला फरक कोणालाही दिसेल. त्यासाठी गुणांकनाची कोष्टके लागत नाहीत.

पाच, देवाणघेवाण दुहेरी असावी. डोणगाव-मेहकरकडील अध्यापक विद्यापीठात जाईल, तसे विद्यापीठीय विभागातील प्राध्यापकाने पंधरा दिवस तालुक्याच्या महाविद्यालयात येऊन पदवीच्या वर्गाला शिकवावे. आपण लिहितो ते संशोधन शेवटी कोणाकडे जाते, हे त्यालाही कळेल. बोलीची, लोकपरंपरेची, स्थानिक इतिहासाची जी सामग्री त्याला येथे मिळेल ती ग्रंथालयात मिळणार नाही.

हा विचार आजच करण्याला कारण आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत अभ्यासक्रमांची फेररचना सुरू झाली. नवी नावे, नवी श्रेयांके आली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केंद्र शासनाने घेतला. महानुभावांच्या रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. अभिजात दर्जाच्या निमित्ताने अध्यासने, परिषदा, पुरस्कार, ग्रंथप्रकाशने होतील आणि ती व्हावीत. परंतु भाषेची प्राचीनता ज्या ग्रंथांच्या आधारे सिद्ध केली, ते ग्रंथ बी. ए.च्या वर्गात सहा मुद्द्यांच्या रूपाने मरत असतील, तर तो दर्जा कागदावर राहील. या निधीतील काही वाटा रिद्धपूर आणि विद्यापीठांचे मराठी विभाग यांच्यामार्फत अध्यापनाच्या अधिछात्रवृत्तीसाठी राखून ठेवावा, अशी मागणी आपण सर्व मराठीच्या अध्यापकांनी केली पाहिजे. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी सुधारकांनी दक्षिणेच्या पैशावर मराठी ग्रंथांचा हक्क सांगितला होता. आज मराठीच्या पैशावर मराठीच्या वर्गाचा हक्क सांगण्याची वेळ आहे.

मराठीचे विद्यार्थी कमी होत आहेत ही तक्रार आपण चर्चासत्रांतून नेहमी करतो. त्यांना परत कसे आणावे यावर अनेक उपाय सुचवले जातात. जो विद्यार्थी आज वर्गात येऊन बसला आहे, त्याला एखादी संहिता स्वतःच्या बळावर वाचता आली असे वर्षाअखेर म्हणता यावे, हा त्यांतला सर्वांत साधा आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. अधिछात्रवृत्तीने अध्यापकाला दिलेला वेळ त्या विद्यार्थ्याचा आहे. तो त्याला परत मिळतो की नाही, एवढ्याच कसोटीवर तिचे मूल्यमापन व्हावे.